मागच्या सीटवरचा शब्द

शिवांजलीनं मला सल्ला विचारला तेव्हा मी बशीत चहा ओतत होतो, आणि बशी भरून चहा मांडीवर येईपर्यंत ओतत राहिलो. पोळलं, पण ओरडलो नाही, कारण कानावर जे पडलं होतं त्याचा चटका मोठा होता. मला सल्ला विचारायची ह्या घरात पद्धत नाही. गल्लीत नाही, सगळ्या कळंबात नाही. मला गोष्ट विचारतात. मोंढ्यात कट्ट्यावर टेकलो की आडत्यापासून हमालापर्यंत कोणीतरी म्हणतंच, आबा, ती बाभळीची होऊ द्या. मग मी सांगतो की येडशीच्या घाटात माझी राजदूत फटफटी अशी उडाली की थेट बाभळीच्या शेंड्यावर. तिथंच स्टँड लावलं, बिडी ओढली, वारा पडल्यावर खाली उतरलो. नाहीतर सावलीची सांगतो. कळंबहून निघालो आणि उस्मानाबादेत पानाच्या ठेल्यावर जाऊन उभा राहिलो, तरी माझी सावली यायची होती. पान चघळून होईस्तोवर आली बिचारी, धापा टाकत. लोक हसतात, चहा पाजतात, आणि पुढच्या क्षणाला तुरीच्या भावाकडं वळतात. माझ्या बोलण्याची किंमत एवढीच, आणि ती मला मान्य आहे. अशा माणसापुढं त्याची नात गुडघे मोडून बसते आणि म्हणते, "आबा, आज खरं सांगा. पयल्यांदाच एवढी मोठी गाडी घेतली मानसानं, तर काय काय संभाळायचं?" तेव्हा माणसानं चहाकडं बघावं की तिच्याकडं?

'खरं' हा शब्द मला खटकला. तो आमच्या दोघांत कधी आला नव्हता. लहानपणी ती माझ्या पोटावर बसून गोष्टी ऐकायची तेव्हाही तिनं कधी 'खरं का' विचारलं नाही, 'मग' विचारलं. आता जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, ढोकीच्या अलीकडं. मेंढ्यांना लस टोचते, अडलेल्या म्हशी सोडवते, आणि पगाराच्या जोरावर तिनं धाराशिवहून (ती धाराशिव म्हणते, माझी जीभ अजून उस्मानाबादेतच आहे) ही निळी मोटारसायकल आणून दारात उभी केली होती. मोटारसायकल कसली, निळं जनावरच. उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसायची. माझ्या राजदूतीसारख्या चार गाड्या तिच्या पोटात मावल्या असत्या. आणि शिवांजलीचा मोबाईल तिच्या मांडीवर पालथा पडलेला. मागं एकदा कोणीतरी माझी बाभळीची गोष्ट गुपचूप मोबाईलवर घेतली होती, मागं गाढवाचा आवाज जोडला होता, आणि लातूरच्या बसस्टँडवर अनोळखी पोरं माझ्याकडं बघून गाढवासारखी ओरडायला लागली होती. मी वाकून मोबाईल सुलटा केला. पडदा काळा होता. काळ्या पडद्याचा मला जास्तच संशय येतो. "काय बगताव आबा?" ती म्हणाली. मी म्हणालो, वेळ.

तरी मी तिला खरंच सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की खऱ्या गोष्टी माझ्या तोंडात किती अवघडून बसतात, पाहुण्याच्या घरी बसल्यासारख्या. म्हणालो, ही गाडी पायानं पळत नाही, मनगटानं पळती, आणि मनगटाला अक्कल नसती. खड्ड्यात आदळलं की अंग मागं जातं, अंगाबरोबर मनगट मुरगाळतं, आणि आपण घाबरलेलो असताना गाडीला वाटतं आपण खुशीत आहोत, ती सुटती. म्हणून मूठ अशी धरायची, जशी वासराच्या तोंडात बोटं घालतो तशी. नवं टायर तुळतुळीत असतं, त्याची कातडी घासेपर्यंत वळणावर झुकायचं नाही. जिकडं नजर तिकडं गाडी, म्हणून खड्ड्याकडं टक लावायची नाही, त्याच्या शेजारच्या चांगल्या रस्त्याकडं बघायचं. आणि सुरुवातीला मागं कुणालाही बसवायचं नाही, मागचा माणूस म्हणजे दुसरं मन, आणि एका गाडीवर दोन मनं चालत नाहीत. हे सगळं मी राजदूतीवर दुधाचे कॅन लादून हिंडताना माझ्या हाडांनी शिकलो होतो. पण पाठीमागं धुरपदा, माझी बायको, सुपात ज्वारी पाखडत बसली होती, ती मध्येच म्हणाली, "झालं का सुरू?" आणि शिवांजलीच्या ओठाचा कोपरा हलला. तेव्हा मला कळलं की वासराच्या तोंडातली बोटंही आता बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसली. मी उरलेला चहा प्यालो. थंड झाला होता.

पण मग तिनं विचारलं का? ह्याचा उलगडा संध्याकाळी झाला. झाला म्हणजे अर्धा झाला, आणि अर्धा उलगडा पुऱ्या कोड्याहून वाईट. हिंमतराव, माझा मुलगा, तिचा बाप, गाडी आल्यापासून पुढच्या दारानं ये-जा करत नव्हता, गाडी तिथं उभी म्हणून मागच्या दारानं करत होता. कमावत्या पोरीपुढं सरळ 'नको' म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि गप्प बसायचा स्वभाव नव्हता. तर बापलेकींनी आपसात ठरवलं होतं की आबांना मागं बसवून ढोकीला न्यायचं आणि आणायचं, आणि आल्यावर आबा ठेव म्हणाले तर गाडी राहील, परत कर म्हणाले तर ती परत करेल, पुन्हा विषय काढायचा नाही. धुरपदा हे ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला. "अख्ख्या जिल्ह्यात हाच मानूस घावला व्हय साक्षीला?" तिचं बरोबर होतं. मी रात्रभर... छे, रात्रभर नाही, मला पडल्या पडल्या झोप लागते. पण दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी अंगावर घेताना तेच डोक्यात होतं. माझ्यावर का सोडलं? तो माझा मुलगा, त्यानं माझ्या थापांपायी शाळेत मार खाल्लेला. ती माझी नात, तिला माझ्या थापांचे सांधे ठाऊक. मग हिंमतराव स्वतः पान घेऊन माझ्याजवळ आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि पुढ्यात बसून म्हणाला, आबा, जे व्हईल ते नीट सांगा, दडवू नका. जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाला, थोडं जास्त झालं तरी चालंल. मी पान तोंडात घातलं. चुना जास्त होता. पुढं दुपारी शिवांजली माझ्या कोल्हापुरी चपला बाजूला सारून स्वतःचे बूट मला घालून बघत होती, नाडी आवळताना म्हणाली, तुमी सांगितलं की लोकांना पटतं आबा, तुमची सांगायची रीतच तशी हाय. नाडीची गाठ तिनं जरा जास्तच घट्ट मारली.

मग मला दोन्ही बाजू दिसल्या. दोघांपैकी कोणालाच माझं खरं नको होतं. दोघांना माझी थाप हवी होती, फक्त आपापल्या मापाची. त्याचा अंदाज असा की म्हातारा ढोकीच्या रस्त्यावरचा साधा गचका यमाच्या रेड्याएवढा करून आणील, आणि त्या रेड्यावर बसवून गाडी परत पाठवता येईल. तिचा अंदाज असा की म्हातारा तिला विमानातून आल्यासारखं वर्णन करील. आणि मी? मला एकच कळत होतं की ती पोरगी त्या गाडीकडं बघताना तिचा चेहरा असा होतो, जसा तो फार दिवस झाला नव्हता. मागच्या साली लग्नाचं ठरता ठरता मोडलं तेव्हापासून ती घरात चालताना पायांचा आवाज करत नव्हती. गाडी आल्यापासून करते. गाडी गेली तर तो आवाजही जाणार. आणि गाडी राहिली तर ऐन हंगामात ढोकीचा रस्ता, उसाच्या जोड ट्रॉल्या, रोज जाणं, रोज येणं. म्हणजे मला तिचं सुख आणि तिची हाडं ह्यांच्यामध्ये एक वाक्य ठेवायचं होतं, आणि माझ्या वाक्यांना तर कधी वजन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रतीक्षाचं लाल हेल्मेट माझ्या डोक्यात बसवलं, त्यात खोबऱ्याच्या तेलाचा वास आणि माझाच श्वास. बाहेरचं जग एकदम खोलीबाहेर गेल्यासारखं झालं. काष्टा आवळून, धोतराचे सोगे चेनीत जाऊ नयेत म्हणून गुडघ्याला सुतळी बांधून मी त्या उंच सीटवर चढलो. खाली इंजिन सुरू झालं तेव्हा ते कानाला नाही, माकडहाडाला ऐकू आलं. तिथून एकेक मणका मोजत वर. शिवांजली फार नीट चालवत होती. प्रत्येक गतिरोधकाला मान तुकवल्यासारखी हळू, प्रत्येक वळणाआधी आरशात बघणं, कुत्र्यालाही वाट देणं. मला त्या नीटपणाचाच संशय यायला लागला. परीक्षक मागं बसल्यावर कोण चुकतं? मी नसताना हिचं मनगट काय करतं, ते ह्या पाठीवरून कसं ओळखायचं? तिची पाठ ताठ होती, जाकीट नवं, त्याच्या शिवणीवर माझी नजर. धुरपदाला मी पहिल्यांदा राजदूतीवर बसवून सोनारीला देवाला नेलं होतं तेव्हा मीही असाच नीट चालवत होतो, कुत्र्यांना वाट देत. आणि तिला घरी सोडून परत निघाल्यावर असा सुटलो होतो की डोळ्यातून पाणी. ही आठवण मी कोणाला सांगत नाही, तिच्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. पण त्या वाऱ्याची थंडी अजून डोळ्यांच्या कडांना आहे, आणि ती पाठ बघता बघता मला नक्की वाटायला लागलं की हिच्याही डोळ्यांच्या कडांना ती आहे, लपवलेली.

ढोकी जवळ यायला लागली तशा ट्रॉल्या दिसायला लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर घरभर उंच ऊस, पाचट दोन्ही बाजूंनी लोंबतंय, पुढं गाणी इतक्या जोरात की हेल्मेटातून छातीत येतात. अशा एकामागं आम्ही लागलो. रस्त्यावर चिरडलेल्या कांड्यांचा गोडसर वास, आमची गाडी मुंगीच्या चालीनं. आता आमच्याकडची एक रीत. पुढच्या जड गाडीचा उजवा दिवा लुकलुकला की त्याचे दोन अर्थ होतात. एक, मी उजवीकडं वळतोय. दुसरा, जा बाबा पुढं, रस्ता मोकळा आहे. कुठला अर्थ कधी घ्यायचा ते ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघून ठरवायचं, आणि ड्रायव्हरचं तोंड दोन ट्रॉल्या उसाच्या पलीकडं. ह्या ट्रॉलीला एकच दिवा शाबूत होता, उजवा, आणि तो लुकलुकायला लागला. शिवांजलीनं मान जराशी मागं वळवली आणि विचारलं, "आबा, जाऊ?"

मला काय वाटलं ते मी सांगतो. मला वाटलं, ही विचारतेय ते दाखवण्यासाठी. घरी गेल्यावर सांगायला की बघा, आबांना विचारल्याशिवाय मी पुढं गेले नाही. तिला माझ्या उत्तराची गरज नाही, फक्त विचारल्याची आहे. म्हणून मी ज्या सुरात उत्तर दिलं तो सूर कट्ट्यावरचा होता, हात झटकल्यासारखा. मी म्हणालो, "जाऊ दे."

त्याला जाऊ दे, असं मला म्हणायचं होतं. मरू दे, जाऊ दे त्याला, आपल्याला कसली घाई. पण गाडीवर, हेल्मेटातून, गाण्यांच्या धडधडीत पुढं पोहोचलं ते उलटं. जाऊ दे गाडी. आणि मनगट वळलं.

त्यानंतरचं मला तुकड्यांनी आठवतं, आणि तुकडे मी जोडत नाही, कारण जोडायला लागलो की माझी सवय माझ्या हातात येते. माकडहाडाखालून सीट पुढं पळाली आणि माझं डोकं मागं राहिलं. डाव्या हाताला ऊस, हात लांब केला तर धरता येईल इतका, आणि तो सरकत नव्हता, जवळ येत होता. ट्रॅक्टर वजनकाट्याच्या मातीच्या वाटेला वळत होता, उजवीकडं, आमच्यावर. पाचटाचं एक पातं हेल्मेटच्या काचेवरून करवतीसारखं गेलं. शिवांजली ओरडली नाही. मला तिची मान दिसली, लाल हेल्मेटच्या काचेतून, आणि मान ट्रॉलीकडं नव्हती. ती आणखी उजवीकडं, रस्त्याच्या खाली, पाणी दिलेल्या उसाच्या रानाकडं वळलेली होती. गाडी तिकडं गेली. रस्ता संपला, खाली उतरलो, काळ्या चिखलानं चाकाला असं धरलं जसं कोणी गुडघ्याला मिठी मारावी, आणि आम्ही तिघं, ती, मी आणि गाडी, हळू, अगदी सावकाश, आडवे झालो. गाणी पुढं निघून गेली. ड्रायव्हरला काहीच कळलं नव्हतं.

चिखलात बसल्या बसल्या तिनं आधी माझे हातपाय चाचपले, म्हशीचे चाचपते तसे, सांध्यासांध्याला दाबून. कुठं काही मोडलं नव्हतं. मग ती टाचेवर बसली. चेहरा पांढरा, एका गालावर चिखल. "तुमीच म्हणलाव, जाऊ दे."

"म्या त्याला म्हणलं. त्याला जाऊ दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. "म्या तुमचं ऐकलं, आबा," ती म्हणाली. एवढंच. आणि ते एवढंसं वाक्य अंगावर आलेल्या ट्रॉलीहून जड होतं. म्हणजे तिनं खरोखर विचारलं होतं. दाखवायला नाही. मनगट, वासरू, टायर, नजर, सगळं तिनं खरं धरलं होतं, ओठाचा कोपरा हलला तो भलत्याच कशानं हलला असेल. साऱ्या जन्मात माझ्या शब्दावर भरवसा ठेवून कोणी एक पाऊल उचललं नव्हतं. जिनं उचललं, ती उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता राहिली. मी एवढा संशयी माणूस, आणि मला जिचा संशय घ्यायला नको होता तिचाच घेत बसलो होतो.

ऊसतोडीच्या टोळीतल्या नवराबायकोनं धावत येऊन गाडी ओढून काढायला हात लावला. गाडीला आरसा वाकण्यापलीकडं काही झालं नव्हतं, तो तिनं मुठीनं सरळ केला. मग पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी आम्ही गाडी धुतली, बूट धुतले, मी धोतराचे सोगे पिळले. ती म्हणाली, मागं बसणाऱ्यानं हितून पुढं एकच शब्द बोलायचा. थांब. बाकी काय बी न्हाय. मी म्हणालो बरं. घरी काय सांगायचं ते तिनं विचारलं नाही. ती विचारील ह्याची मी ढोकीपासून कळंबपर्यंत वाट बघितली, तिच्या जाकिटाच्या शिवणीकडं बघत, आणि ती विचारत नाही ह्याचा अर्थ काय काढावा ते मला कळत नव्हतं.

घरी हिंमतराव पुढच्या दारात उभा. आल्याआल्या म्हणाला, बोला आबा. शेजारचे दोघंतिघं ओट्यावर येऊन बसलेले, कारण मी कुठून तरी आलो की लोक बसतातच. माझ्या तोंडात ट्रॉली तयार होती, डोंगराएवढी, तिच्यावर उसाचं अख्खं रान, ड्रायव्हर राक्षस. ती बाहेर यायला धडका देत होती. पण ती कशीही सजवली, कितीही मोठी केली, शेवटी तिच्यात पडणं होतंच, आणि हिंमतरावाला तेवढंच हवं होतं. मी पायऱ्या चढलो आणि म्हणालो, "काय झालं न्हाय."

धुरपदाच्या सुपातली ज्वारी थांबली. तिच्या सगळ्या संसारात मी एकदाही असा कुठून परत आलो नव्हतो की जिथं काही झालं नाही. ती उठली, जवळ आली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "काष्टा वला कशानं?"

थापेबाज माणसाला थाप सुचली नाही. सगळे बघत होते आणि माझं डोकं धुतल्या परातीसारखं लख्ख रिकामं होतं. हिंमतरावाची नजर काष्ट्यावरून गाडीकडं निघाली. तेव्हा शिवांजली हेल्मेट काढून शांतपणे म्हणाली, "सांगू का आबा? राग मानू नका." मग बापाकडं वळून, "गाडी सुरू केली तवाच झालं. गल्लीतच. ढोकीत नेऊन धुतलं बगा."

हसण्याचा असा फवारा उडाला की रस्त्यावरचं शेळीचं करडू बिथरलं. हिंमतराव भिंतीला टेकून हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. शाळेत माझ्यापायी खाल्लेला सगळा मार त्याच्या अंगातून उतरत होता. "आन गाडी बी धुतली व्हय?" त्यानं कसंबसं विचारलं. ती म्हणाली, "मग? आबा तिच्यावरच बसले हुते की." धुरपदानं तोंडाला पदर लावला. मी मान खाली घातली, जशी अशा माणसानं घालायला हवी तशी, आणि त्या गलक्यात बारीक आवाजात म्हणालो, पोरगी नीट चालवती, राहू दे गाडी. कोणी हरकत घेतली नाही. त्यांना हवं त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं. मोंढ्यात आता बाभळीची गोष्ट कोणी मागत नाही. मी दिसलो की काष्ट्याकडं बघतात. ते चालतं मला.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. ते बोलताना तिची पापणी हलली नव्हती. आधी नेमकं एवढंसं लाजिरवाणं काहीतरी द्यायचं, की माणूस त्याच्या मागं काय आहे ते बघायला जाणारच नाही. ही माझी रीत नव्हे, माझ्या थापा लांबून ओळखू येतात. ही रीत माझ्या पुढची होती. नातीत आपला गुण उतरला म्हणून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मी मात्र रोज दिवस कलला की ओट्यावर येऊन बसतो आणि कान लावतो. तो घोगरा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मग कुठं मी भिंतीला पाठ टेकतो. ती गाडी लावते, हेल्मेट काढते, केस मोकळे करते, पायांचा आवाज करत पायऱ्या चढते. डोळ्यांच्या कडा लाल असतात, वाऱ्यानं असतील. मी विचारतो, रस्ता कसा होता?

कारखान्याचा हंगाम ऐन भरात आहे. कळंबच्या चौकातसुद्धा उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते.

"रिकामा हुता, आबा," ती म्हणते. "एक बी गाडी न्हाय."

मी तिच्याकडं बघतो, ती माझ्याकडं बघते, आणि मी म्हणतो, व्हय, असंल.